कोलोरॅडो ट्रेल: १९७३ ची कल्पना, १९८७ ची वाट. मधल्या काळात काय घडले?

वाटाड्या

अमेरिकेतील डेन्व्हर आणि डुरँगो या दोन शहरांना रॉकी पर्वतातून जोडणाऱ्या कोलोरॅडो ट्रेलविषयी मी सध्या वाचत आहे. मूळ वाट ४८६ मैलांची, म्हणजे सुमारे ७८२ किलोमीटरची आहे. तिचा बराचसा भाग तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरून जातो आणि कोनी समिटच्या खाली ती १३,२७१ फुटांपर्यंत, म्हणजे साधारण ४,०४५ मीटरपर्यंत चढते. पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार या तिघांनाही ती खुली आहे. तिचे नाव जिथे येते तिथे ‘स्वयंसेवकांनी बांधलेली’ हे विशेषणही बहुतेक वेळा सोबत येते.

मला जे नीट उलगडत नाही ते असे की, कल्पना १९७३ मध्ये मांडली गेली, वनखात्याचा पाठिंबा पहिल्या दिवसापासून होता, जमीन जवळपास सगळी सरकारी वनांची होती, आणि तरीही सलग वाट तयार व्हायला १९८७ उजाडले. जमिनीचा तंटा नसताना एवढा विलंब कशामुळे झाला? दुसरे असे की, इतक्या लांबीची वाट खरोखर श्रमदानातून उभी राहिली, की हे विशेषण कौतुकाच्या भरात चिकटले आहे? आणि तिसरे म्हणजे, १९७३ मध्ये डोंगरात चालवण्याच्या सायकली बाजारात नव्हत्याच, मग सायकलस्वारांना या वाटेवर जागा कधी आणि कशी मिळाली? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

नकाशावाचक

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरात बाकीच्या दोहोंची मुळे आहेत.

या कल्पनेचे श्रेय सहसा दोघांना दिले जाते. बिल लुकास हे अमेरिकेच्या वनखात्याच्या रॉकी माउंटन विभागाचे प्रमुख होते आणि मेरिल हेस्टिंग्ज हे ‘कोलोरॅडो मॅगझिन’शी संबंधित होते. १९७३ मध्ये कोलोरॅडो माउंटन ट्रेल्स फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. वाटेची आखणी, निधी आणि माणसे या तिन्ही गोष्टी तिच्या छत्राखाली याव्यात असे ठरले. सगळी वाट नव्याने खोदायची असा बेत कधीच नव्हता. डोंगरात आधीपासून असलेल्या पायवाटा, लाकूडतोडीचे आणि खाणींचे जुने रस्ते यांची साखळी जुळवायची आणि जिथे कडी तुटलेली असेल तिथे नवी वाट काढायची, असा तो विचार होता. तो शहाणपणाचा होता. पण घोटाळाही त्याच्याच पोटात होता.

तुटलेल्या कड्या म्हणजे नेमक्या त्याच जागा, जिथे आजवर कोणालाही वाट काढावीशी वाटली नव्हती. कुठे अंगावर येणारा उतार, कुठे दलदल, तर कुठे रस्त्यापासून दिवसभराच्या अंतरावर असलेले पठार. नकाशावर पाहिले तर बरेचसे काम झालेले दिसे, प्रत्यक्षात मात्र सर्वांत अवघड काम शिल्लक असे. शिवाय १९७० पासून लागू झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यामुळे केंद्राच्या जमिनीवर नवी वाट काढण्याआधी तिच्या परिणामांची तपासणी करणे आवश्यक होते. वाट सहा राष्ट्रीय वनांतून जाते: पाइक, व्हाइट रिव्हर, सॅन इसाबेल, गनिसन, रिओ ग्रँड आणि सॅन ह्वान. खाते एकच असले तरी प्रत्येक वनाची कचेरी वेगळी, तिचे अग्रक्रम वेगळे आणि अंदाजपत्रकही वेगळे. वरिष्ठांचा पाठिंबा असणे आणि डोंगरातल्या एका विशिष्ट उताराला त्या उन्हाळ्यात मंजुरी मिळणे या दोन गोष्टींत फार अंतर असते.

जमिनीचा तंटा नव्हता हे आपले म्हणणे खरे आहे. माझ्या मते तंटा नसणे हेच विलंबाचे एक कारण ठरले. वाद असला की लोक बाजू घेतात, सभा भरतात, वर्तमानपत्रे लिहितात. येथे सगळ्यांची संमती होती आणि निकड कोणालाच नव्हती. तुकड्यातुकड्यांत असलेल्या वाटेवरून पूर्ण प्रवास करता येत नाही, त्यामुळे तिचे प्रवासीही तयार होत नाहीत. आणि प्रवासी नसल्यामुळे ती पुरी करा म्हणून आग्रह धरणारेही कोणी नसते. सुरुवातीचा उत्साह आणि पैसा ओसरल्यावर १९८० च्या सुमारास हा प्रकल्प अशाच कोंडीत सापडला होता.

त्या काळात काम पूर्ण थांबले नाही याचे कारण गुडी गॅस्किल. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या कोलोरॅडो माउंटन क्लबच्या वाटांविषयीच्या समितीचे काम त्या पाहत असत आणि १९७७ मध्ये त्या क्लबच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. उन्हाळ्यामागून उन्हाळा त्या स्वयंसेवकांच्या तुकड्या डोंगरात नेत राहिल्या. वाटेची पाहणी करणे, वनाधिकाऱ्यांशी बोलणे, छावणीचा शिधा भरणे आणि मग स्वतः कुदळ हाती घेणे, हे सगळे त्याच करीत.

कलाटणी मिळाली ती १९८४ मध्ये. ‘डेन्व्हर पोस्ट’च्या ‘एम्पायर’ या रविवारच्या पुरवणीत या प्रकल्पावर एक लेख आला आणि त्याचे शीर्षकच ‘ट्रेल टू नोव्हेअर’, म्हणजे कुठेही न पोहोचणारी वाट, असे होते. राज्याचे तत्कालीन गव्हर्नर रिचर्ड लॅम आणि त्यांच्या पत्नी डॉटी लॅम यांनी यानंतर या कामात लक्ष घातले. निधी उभा राहिला, राज्य सरकारचे वजन मागे आले, आणि १९८६ व १९८७ या दोन उन्हाळ्यांत उरलेल्या कड्या जोडण्यात आल्या. १९८७ मध्येच कोलोरॅडो ट्रेल फाउंडेशन ही आजची संस्था गॅस्किल यांच्या पुढाकाराने आकाराला आली.

दहा वर्षे मवाळपणे केलेल्या आवाहनांनी जे साधले नाही ते एका बोचऱ्या शीर्षकाने साधले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो लेख छापून येईपर्यंत गॅस्किल यांनी दरवर्षी तुकड्या नेण्याची शिस्त टिकवली नसती, तर गव्हर्नरांनी लक्ष घालूनही दोन उन्हाळ्यांत ते काम उरकले नसते. पैसा आणि पाठिंबा येताच कामाला लागतील अशी तयार माणसे तोवर जमलेली होती.

कुदळफावडे

नकाशावाचक यांनी संस्थांचा इतिहास चांगला मांडला आहे. मी प्रत्यक्ष कामाविषयी लिहितो, कारण विलंबाचे निम्मे उत्तर मातीत आहे.

या उंचीवर कामाचा हंगाम अतिशय आखूड असतो. उंच खिंडींत जून संपेपर्यंत बर्फ असू शकते आणि सप्टेंबरमध्ये ते पुन्हा पडू लागते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वादळे येतात, त्यामुळे झाडांच्या रेषेवरचे, म्हणजे ज्या उंचीपलीकडे झाडे वाढत नाहीत तिथले, काम सकाळीच उरकावे लागते. म्हणजे ‘चौदा वर्षे’ असे म्हणताना प्रत्येक वर्षातले कामाचे आठवडे किती थोडे होते हे लक्षात घ्यावे.

बाहेरून पाहणाऱ्याला पायवाट म्हणजे गवत आणि झुडपे काढलेली पट्टी वाटते. डोंगराच्या उतारावर तशी पट्टी काढली तर पहिल्याच हंगामात तिचा ओढा होतो. योग्य रीत अशी की, आधी उताराच्या पृष्ठभागावरचा पालापाचोळा आणि कुजलेला थर खरवडून खालची पक्की माती उघडी करायची, मग डोंगराच्या अंगात सपाट पायरी कापायची, आणि त्या पायरीला दरीच्या बाजूला किंचित कल ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी वाट ओलांडून खाली उतरते. हा कल साधारण पाच टक्के असतो. तो कमी पडला तर पाणी साचते आणि जास्त झाला तर घोड्याचा खूर निसटतो. कापलेली पायरी अखंड मातीत असावी लागते. खणलेली माती दरीच्या बाजूला रचून रुंदी वाढवली, तर ती कड काही वर्षांत ढासळते.

त्याखेरीज वाटेचा चढ सलग ठेवून चालत नाही. ठराविक अंतराने चढणारी वाट थोडी उतरवायची आणि पुन्हा चढवायची, म्हणजे पाण्याला बाहेर पडण्याची जागा मिळते. नवख्या स्वयंसेवकाला हे फुकटचे कष्ट वाटतात. पण वाट टिकते ती याच चढउतारांवर. दलदलीच्या जागी दोन्ही बाजूंना ओंडके किंवा दगड लावून मधला भाग भरावाने उंच करावा लागतो, आणि खडकाळ उतारावर चुना-सिमेंटाशिवाय नुसत्या दगडांच्या भिंती रचाव्या लागतात.

हत्यारे तीच, शंभर वर्षांची जुनी. पुलास्की हे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखे पाते असलेले अवजार, आणि मॅक्लाउड हे रुंद फावडे व दाताळे यांचा संकर. दोन्ही मुळात वणवे विझवणाऱ्यांची. वाट सहा वाइल्डरनेस क्षेत्रांतून जाते, म्हणजे १९६४ च्या कायद्याने ज्या रानात यंत्रांना मज्जाव आहे अशा भागांतून. तेथे मोटरवर चालणारी करवतही नेता येत नाही. आडवा पडलेला जाडजूड वृक्ष दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या लांब करवतीनेच कापावा लागतो.

या सगळ्यासाठी हौस पुरत नाही. प्रशिक्षित मुकादम लागतो. गॅस्किल यांनी बसवलेली घडी अशी होती की, स्वयंसेवकांची तुकडी आठवडाभरासाठी डोंगरात मुक्कामाला जायची, तिच्यासोबत काम जाणणारा प्रमुख असायचा आणि वनखात्याने आखून दिलेल्या रेषेवरच खोदकाम व्हायचे. आठवडाभराचा मुक्काम हा यातला कळीचा मुद्दा आहे. एका दिवसासाठी आलेल्या माणसाचा निम्मा वेळ कामाच्या जागी पोहोचण्यात जातो आणि रीत शिकेपर्यंत संध्याकाळ होते. त्याच माणसाला आठवडा मिळाला की तिसऱ्या दिवसापासून त्याचा हात बसतो.

जुनीखूण

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम असले तरी ‘स्वयंसेवकांनी बांधलेली’ हे विशेषण जसेच्या तसे स्वीकारू नये असे मला वाटते.

डेन्व्हरच्या बाजूने वाट सुरू होते ती वॉटर्टन कॅन्यनमध्ये, आणि तेथील पहिले सहा-एक मैल डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेच्या रुंद रस्त्यावरून जातात. तो रस्ताही जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी आहे. टेनेसी खिंडीजवळ वाट काही अंतर जुन्या लोहमार्गाच्या बांधावरून जाते. कार्सन सॅडलच्या आसपास खाणकामाच्या काळातले रस्ते आहेत. सावाच रांगेच्या पूर्व अंगाने जाणारी ‘मेन रेंज ट्रेल’ ही तर १९३० च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या तरुणांनी बांधली आणि कोलोरॅडो ट्रेलने तिचा मोठा हिस्सा उचलला. ही मंदीच्या काळातली सरकारी रोजगार योजना होती. तरुणांना महिना ३० डॉलर मिळत आणि त्यांपैकी बहुतेक रक्कम थेट त्यांच्या घरी पाठवली जाई. त्यांनी घाम गाळला तो श्रमदान म्हणून नव्हे, पोटासाठी. त्याहीआधी या खिंडी यूट या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या ये-जा करण्याच्या होत्या, आणि वाट मुळात ‘काढली’ कोणी, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तिथपर्यंत मागे जाते.

गॅस्किल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मोल यामुळे रतीभरही कमी होत नाही. मात्र त्यांचे कर्तृत्व नेमके कशात होते हे सांगताना ‘बांधली’पेक्षा ‘सांधली’ म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

नकाशावाचक

जुनीखूण यांचा मुद्दा इतिहास म्हणून मान्य आहे, निष्कर्ष मात्र पूर्णपणे मान्य नाही. सांधण्याचे काम हे बांधण्यापेक्षा हलके होते असा त्यातून अर्थ निघतो, आणि कुदळफावडे यांनी वर दाखवल्याप्रमाणे शिल्लक राहिलेले तुकडेच सर्वांत अवघड होते. शिवाय जुन्या वाटाही जशाच्या तशा वापरता आल्या नाहीत. चार दशकांत कोणी हात न लावलेली वाट झुडपांत हरवते, पुलांची लाकडे कुजतात, आणि खाणींचे रस्ते तर बैलगाड्या व ट्रक यांच्यासाठी, पाण्याचा विचार न करता सरळ चढवलेले असतात. पैसे घेऊन बांधलेल्या वाटा पैसे न घेता वाचवल्या गेल्या, असे म्हटले तर दोघांचेही म्हणणे राहते.

दोनचाकी

सायकलींच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही म्हणून लिहितो.

१९७३ च्या कल्पनेत सायकल नव्हतीच, हा आपला अंदाज बरोबर आहे. डोंगरी सायकली कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आल्या आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दुकानांत मिळू लागल्या. म्हणजे वाट रखडलेली असतानाच तिचा एक नवा वापरकर्ता जन्माला आला. कोलोरॅडो ट्रेल वेळेत पुरी झाली असती, तर ती चालणारे आणि घोडेस्वार यांच्यापुरतीच रुजली असती की काय, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

राष्ट्रीय वनांच्या सर्वसाधारण जमिनीवर एखाद्या वाटेवर मनाई केलेली नसेल तर सायकल चालते. त्यामुळे सायकलस्वारांना ही वाट कोणी समारंभपूर्वक खुली करून दिली असे नाही. मनाई आली ती वाइल्डरनेस क्षेत्रांपुरती. १९६४ च्या कायद्यात यांत्रिक वाहतुकीला बंदी होती आणि १९८४ मध्ये वनखात्याने आपल्या नियमांत सायकलचे नाव स्पष्टपणे घातले. परिणामी लॉस्ट क्रीक, होली क्रॉस, माउंट मॅसिव्ह, कॉलेजिएट पीक्स, ला गारिटा आणि वेमिनूच या सहाही क्षेत्रांत सायकलस्वाराला मूळ वाट सोडून वळसा घ्यावा लागतो. काही वळसे किरकोळ आहेत. काही मात्र स्वतंत्र प्रवासच म्हणावेत असे. ला गारिटासाठी लॉस पिन्योस आणि स्लमगलियन या खिंडी ओलांडून स्प्रिंग क्रीक खिंडीत पुन्हा वाट गाठायची, आणि वेमिनूचसाठी स्टोनी खिंडीतून सिल्व्हरटन गावात उतरून महामार्गाने मोलास खिंडीकडे चढायचे. म्हणून ‘मी संपूर्ण कोलोरॅडो ट्रेल सायकलने केली’ असे म्हणणाऱ्याची वाट आणि पायी जाणाऱ्याची वाट ही नकाशावर दोन वेगळ्या रेषांत दिसते. २००७ पासून बाहेरच्या मदतीशिवाय पार करण्याची सायकल शर्यतही याच वळशांसह होते.

सहवासाचे नियम साधे आहेत. सायकलस्वाराने चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला द्यायची. घोडा येताना दिसला की दरीच्या बाजूला सरकून उभे राहायचे आणि स्वारासोबत शांतपणे बोलत राहायचे, कारण घोड्याला वरच्या अंगाला दबा धरून बसलेली आकृती शिकारी जनावरासारखी भासते आणि आवाज ऐकला की तो माणूस ओळखतो. खरी कुरबुर या तिघांत नसते. काही भागांत, विशेषतः सार्जंट्स मेसाच्या परिसरात, मोटरसायकलींनाही परवानगी आहे. तेथे वाट खोल चरासारखी झिजलेली आणि मोकळ्या दगडगोट्यांनी भरलेली आढळते आणि पायी जाणारे व सायकलस्वार दोघेही त्याच भागाला नावे ठेवतात.

वाटाड्या

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुनीखूण आणि नकाशावाचक यांच्यातील मतभेद मला सर्वांत उपयोगाचा वाटला. एकच पुरवणी प्रश्न: १९८७ मध्ये वाट जोडली गेल्यावर स्वयंसेवकांचे काम संपले असे समजायचे का? आणि काही ठिकाणी वाटेची लांबी ५६७ मैल दिलेली आढळते, ती कशी?

कुदळफावडे

लांबीचा खुलासा आधी करतो. २०१२ मध्ये कॉलेजिएट शिखरांच्या पश्चिमेकडून जाणारा सुमारे ८० मैलांचा पर्यायी मार्ग कोलोरॅडो ट्रेलमध्ये औपचारिकपणे समाविष्ट झाला. त्याला कॉलेजिएट वेस्ट म्हणतात. तो बराचसा कॉन्टिनेंटल डिव्हाइड ट्रेलवरून, म्हणजे खंडाच्या जलविभाजक रेषेलगतच्या लांब पायवाटेवरून, जातो आणि जुन्या पूर्वेकडच्या मार्गापेक्षा अधिक उंचावरून, अधिक उघड्या माथ्यांवरून जातो. दोन्ही बाजू मिळून बेरीज ५६७ मैल होते. एका फेरीत प्रवासी त्यांपैकी एकच बाजू धरतो, त्यामुळे प्रत्यक्ष चालण्याचे अंतर ४८६ मैलांच्या आसपासच राहते.

स्वयंसेवकांचे काम संपले नाही. त्याचे स्वरूप बदलले. आज वाटेचे लहान-लहान भाग करून प्रत्येक भाग एखाद्या व्यक्तीकडे, कुटुंबाकडे किंवा गटाकडे सोपवलेला असतो. या व्यवस्थेला वाट ‘दत्तक घेणे’ म्हणतात. दत्तक घेणाऱ्याने हंगामाच्या सुरुवातीला आपल्या भागावरून जाऊन आडवी पडलेली झाडे हटवायची, पाण्याचे निचरे मोकळे करायचे, दिशादर्शक खुणा तपासायच्या, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे काम फाउंडेशनला कळवायचे. ते मोठे काम मग उन्हाळ्यातल्या तुकड्यांकडे जाते. पूल बदलणे, भिंत पुन्हा रचणे, किंवा झिजलेला तुकडा बंद करून शेजारून नवी रेषा काढणे ही कामे त्यात येतात. यासाठी वनखात्याची मंजुरी आजही लागते.

गॅस्किल २०१६ मध्ये वारल्या. डेन्व्हरकडून निघाल्यावर साउथ प्लॅट नदीवर जो पूल लागतो त्याला त्यांचे नाव दिलेले आहे, आणि तो पूल ओलांडल्यावर वाट १९९६ च्या बफेलो क्रीक वणव्यात होरपळलेल्या प्रदेशात शिरते. त्या पट्ट्यात सावली नाही आणि पाण्याचा भरवसा नाही. जळालेल्या उतारांवरून पावसाचे पाणी थोपवणारी झाडे नसल्यामुळे निचऱ्यांची देखभाल तेथे इतर भागांपेक्षा अधिक वेळा करावी लागते.